मापही त्यांचे, मोजणारेही तेच

मार्च २०२५ मध्ये मध्यवर्ती सरकारच्या संसदीय कामकाज मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि खासदारांचे मासिक वेतन १,००,००० रुपयांवरून १,२४,००० रुपयांवर गेले. दैनिक भत्ता २,००० चा २,५०० झाला; माजी खासदारांचे निवृत्तिवेतन २५,००० वरून ३१,००० वर चढले. ही वाढ १ एप्रिल २०२३ पासून लागू समजावयाची होती, तेव्हा मधल्या काळाची थकबाकीही ओघाने आलीच. एवढे सारे घडले, पण त्यासाठी संसदेत विधेयक आले नाही, भाषणे झाली नाहीत की मतमोजणी झाली नाही. वृत्तपत्रांत दोन दिवस आकडे झळकले आणि विषय मिटला.

अशा प्रसंगी जो ओरडा नेहमी उठतो, त्यात आमचा सूर मिसळण्याची आमची इच्छा नाही. लोकप्रतिनिधींनी देशसेवा फुकट करावी, हा विचार दिसावयास उदात्त असला तरी त्याचा परिणाम एकच होतो: ज्याच्या घरी जमीनजुमला वा कारखाना आहे, त्यालाच प्रतिनिधी होणे परवडते. इंग्लंडमध्ये कॉमन्सच्या सभासदांना १९११ पर्यंत नियमित वेतन नव्हते. तेथील मजूरवर्गाचे प्रतिनिधी सभागृहात पोचू लागले तेव्हाच हा प्रश्न धसास लागला आणि वर्षाला ४०० पौंड ठरले. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने खासदाराला दरमहा ४०० रुपये आणि दिवसाला २१ रुपये भत्ता दिला. आकड्याचे हे साम्य योगायोगाचे असेल. परंतु वेतनामागील तत्त्व दोहोंकडे एकच होते आणि ते आम्हांस पूर्णतः मान्य आहे. खासदाराला पुरेसे वेतन असावे. आमचा आक्षेप आहे तो ते ठरविण्याच्या रीतीला.

राज्यघटनेच्या १०६ व्या कलमाने खासदारांचे वेतन व भत्ते संसदेने कायद्याने वेळोवेळी ठरवावेत असे म्हटले आहे. घटनाकारांना दुसरा मार्ग सुचला नसेल असे नव्हे. कायदा म्हटला की चर्चा आली, चर्चा आली की लोकलज्जा आली, असा त्यामागील भरवसा असावा. तो भरवसा कितपत खरा ठरला? १९६४ मध्ये ४०० चे ५०० झाले आणि १९८३ पर्यंत तेवढेच राहिले. या संयमाला दाद दिलीच पाहिजे. पण पुढे १९८५ मध्ये १,०००, १९८८ मध्ये १,५००, १९९८ मध्ये ४,०००, २००१ मध्ये १२,०००, २००६ मध्ये १६,०००, २०१० मध्ये ५०,००० आणि २०१८ मध्ये १,००,००० अशा उड्या पडत गेल्या. महागाई वाढली हे खरे. परंतु महागाई काही तीन वर्षांत तिप्पट होत नाही.

२०१० चा प्रसंग तर विसरता न येण्याजोगा आहे. खासदारांच्याच समितीने ८०,००१ रुपयांची शिफारस केली. वरचा तो एक रुपया कशासाठी? केंद्रीय सचिवाला ८०,००० मिळतात, आणि खासदाराचे स्थान सचिवाच्या वरचे, म्हणून! मंत्रिमंडळाने ५०,००० वर हात आखडता घेतला तेव्हा लोकसभेत गदारोळ माजला, लालूप्रसाद यादव प्रभृतींनी सभागृहातच प्रतिसंसद भरविली, आणि अखेर सरकारने भत्त्यांत आणखी १०,००० घालून समजूत काढली. आपले वेतन आपणच वाढवून घेणे योग्य नव्हे, असे डाव्या पक्षांनी तेव्हा म्हटले होते. परंतु ‘आपला हात जगन्नाथ’ या न्यायापुढे त्यांचे कोण ऐकणार? आणि हा केवळ दिल्लीचा दोष नव्हे. ऑगस्ट २०१६ मध्ये आमच्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना संमत केले. एरव्ही परस्परांचे तोंडही न पाहणारे पक्ष त्या दिवशी एकदिलाने वागले.

हा उघड देखावा टाळावा म्हणून २०१८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी नवी व्यवस्था आणली. वेतन एकदा १,००,००० वर नेऊन ठेवावयाचे आणि १ एप्रिल २०२३ पासून दर पाच वर्षांनी ते महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप वाढावयाचे. त्यासाठी निवडला तो आयकर कायद्यातील, भांडवली नफा काढताना वापरला जाणारा निर्देशांक. शहरी ग्राहक किंमतींतील सरासरी वाढीच्या ७५ टक्के धरून सरकार तो ठरविते. २०१८-१९ साली तो २८० होता, २०२३-२४ साली ३४८ झाला. म्हणजे वाढ २४ टक्क्यांच्या किंचित वर. मार्च २०२५ चे २४,००० रुपये आले ते हेच. हिशेब चोख आहे, आणि निर्देशांक सढळ नाही, उलट हात राखूनच आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग बिघडले कोठे? पहिली गोष्ट अशी की, निर्देशांक वाढ मोजतो, मूळ रक्कम वाजवी आहे काय हे सांगत नाही. ५०,००० चे १,००,००० करताना कोणता मापदंड लावला, याचा खल व्हावयास हवा होता. तो झाला नाही. कारण ही तरतूद वित्त विधेयकाच्या पोटात घातली गेली, आणि ते विधेयक १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गदारोळातच, चर्चेविना संमत झाले. घटनाकारांना अभिप्रेत असलेली लोकलज्जा येथे दाराबाहेरच राहिली.

दुसरी गोष्ट भत्त्यांची. प्रवास, निवास, दूरध्वनी, औषधोपचार, मतदारसंघ भत्ता, कार्यालय भत्ता यांचे नियम उभय सभागृहांची १५ जणांची संयुक्त समिती करते: १० लोकसभेचे, ५ राज्यसभेचे. नियमांना मान्यता देतात लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती. म्हणजे मागणारे, मोजणारे व मंजुरी देणारे सारे एकाच घरचे. वेतनाच्या आकड्यावर लोकांची नजर असते. मतदारसंघ भत्ता २०२५ मध्ये ७०,००० वरून ८७,००० झाला, हे किती जणांच्या ध्यानात आले?

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक खुपते. १९७६ मध्ये खासदारांना निवृत्तिवेतन प्रथम मिळाले ते ३०० रुपये, आणि तेही पाच वर्षे सदस्य राहिलेल्यांना. पुढे ती मुदतीची अट गेली. कितीही अल्पकाळ सदस्य राहिलेला गृहस्थ आज पात्र ठरतो. आता हे निवृत्तिवेतनही निर्देशांकाला बांधले गेले आहे. याउलट, खाजगी आस्थापनांत उमेदीची वर्षे घालविलेल्या कामगार-कारकुनांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरली, आणि खासदारांची अधिसूचना निघाली त्या दिवशीही ती १,००० च होती. महागाई दोघांच्याही दारी येते. एकाच्या दारी तिच्यामागून निर्देशांक येतो, दुसऱ्याच्या दारी आश्वासन. हा कायदा एकाच संसदेच्या हातचा आहे, म्हणून हे अधिकच बोचते.

इतरांनी काय केले? अमेरिकेत जेम्स मॅडिसन यांनी १७८९ मध्ये सुचविलेली घटनादुरुस्ती १९९२ मध्ये अमलात आली: वेतनाचा फेरबदल मध्ये निवडणूक झाल्याखेरीज लागू व्हावयाचा नाही. दोनशे वर्षे धूळ खात पडलेल्या या ठरावाला टेक्ससच्या एका विद्यार्थ्याच्या १९८२ मधील निबंधाने पुन्हा जाग आणली. निबंधाला गुण मात्र बेताचेच पडले होते! ब्रिटनने २००९ च्या खर्चप्रकरणातील बदनामीनंतर स्वतंत्र प्राधिकरण नेमले. त्या प्राधिकरणाने २०१५ मध्ये पक्षनेत्यांचा विरोध असताना वेतन ७४,००० पौंडांवर नेले. स्वतंत्र मंडळ म्हणजे काटकसर, असे समीकरण मांडण्याचे म्हणूनच कारण नाही. ते वाढही देईल. पण ती कारणे सांगून आणि हरकती ऐकून देईल.

कोविडच्या संकटात, २०२० मध्ये, याच संसदेने स्वतःचे वेतन वर्षभरासाठी ३० टक्क्यांनी कापून घेतले होते. तेव्हा मनात आले तर हात आवरता येतो, हे तिने दाखविलेच आहे. पुढची आपोआप वाढ १ एप्रिल २०२८ रोजी यावयाची आहे. त्यापूर्वी संसदेने वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन यांचा विचार करण्यासाठी खासदार नसलेल्या तिघा-पाच जणांचे आयोगमंडळ कायद्याने नेमावे, त्याचा अहवाल सभागृहापुढे ठेवून त्यावर नावानिशी मते नोंदवावीत, आणि जी वाढ ठरेल ती २०२९ च्या निवडणुकीनंतर येणाऱ्या लोकसभेपासून लागू करावी. यासाठी घटनेच्या १०६ व्या कलमाला हात लावण्याचीही गरज नाही. १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती पुरे. ते विधेयक आणण्याचे धैर्य कोणता पक्ष दाखवितो, हे आता पाहावयाचे.