मातीची जागा

घरातले माणूस जाते. रडारड सुरू होते. तेवढ्यात कोणीतरी विचारतो, "खड्डा कुठं घ्यायचा?" त्या घाईत डोके चालत नाही. म्हणून हा विचार आधीच करावा. त्यात अभद्र काही नाही.

आपल्याकडे पुष्कळ लोक मृताला पुरतात. मुसलमान कबर उत्तर-दक्षिण खणतात व मृताचे तोंड पश्चिमेला, काबेच्या दिशेला करतात. ख्रिस्ती लोक कबरीवर क्रूस लावतात. लिंगायत व नाथपंथी बसवून समाधी देतात. लहान मूल गेले, तर इतर हिंदूही बहुधा पुरतात. रीत ज्याची त्याची. पण माती आणि पाणी सर्वांचे एकच.

आमचीच गोष्ट सांगतो. आमचे वडील श्रावणात गेले. त्यांनी ओढ्याकाठी एक आंबा लावला होता. त्याच्याखाली आम्ही त्यांना समाधी दिली. वाहते पाणी काठ कसा खाते, हे आम्ही शाळेत मुलांना शिकवीत होतो. त्या दिवशी मात्र ते आठवले नाही. दोन वर्षांनी मोठा पूर आला. काठ ढासळला. आंबा गेला, समाधीही गेली. आई विचारी, "आता दिवा कुठं लावू?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हा मंडळी, जागा कशी पाहावी?

जागा उंचावर असावी. पावसाचे पाणी तिथे साचू नये. ओढा, नाला व पुराची हद्द यांपासून ती दूर असावी.

पिण्याच्या विहिरीजवळ कधीही पुरू नये. देह कुजतो, त्याचा अंश पाण्याबरोबर जमिनीत झिरपतो. विहीर निदान अडीचशे मीटर लांब असावी. ती उताराच्या खालच्या अंगाला तर नसावीच.

खड्ड्याच्या तळाशी पाझर दिसला, तर ती जागा सोडावी. खडकाळ जागीही खोल खणता येत नाही. खड्डा उथळ राहिला तर कुत्री-कोल्ही उकरतात. म्हणून पाच-सहा फूट तरी खणावे. माती घट्ट दाबावी. वर दगड रचावेत.

"आमचं शेत आहे, तिथंच ठेवू," असे काहीजण म्हणतात. माया खरी. पण उद्या वाटण्या होतात, शेत विकले जाते. नवा मालक नांगर घालतो. मग तंटे होतात. त्यापेक्षा गावची ठरलेली जागा बरी. १९५८ च्या कायद्याप्रमाणे दहन-दफनाच्या जागेची व्यवस्था हे ग्रामपंचायतीचे काम आहे. आपल्या गावात अशी जागा नसेल, तर ग्रामसभेत उठून मागावी. भिऊ नये.

आणखी एक. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. पुढे वारसाच्या कामी तो दाखला लागतो.

गेलेल्याला शांत जागा मिळावी. मागे राहिलेल्यांना स्वच्छ पाणी मिळावे. दोन्ही साधेल तीच चांगली जागा, बरं का!