बेडूक कप्तान, शेवंड पोपट!

कर्मिट बेडूक जहाजाचा कप्तान, फॉझी अस्वल गर्भश्रीमंत जमीनदार आणि सगळे निघालेत खजिन्याला! १९९६ चा ‘मपेट ट्रेझर आयलंड’ म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या कादंबरीची गाण्याबजावण्यासह काढलेली खोडी. दिग्दर्शक ब्रायन हेन्सन, मपेट बाहुल्यांचे जन्मदाते जिम हेन्सन यांचे चिरंजीव.

फॉझीच्या बोटात म्हणे एक माणूस राहतो आणि जमीनदारसाहेब सल्ला त्याचाच घेतात. (असे मालक आपल्याही ओळखीत असतील.) जहाजावर रिझो उंदराने भाऊबंदांना सफरीची तिकिटं विकलेली, त्यामुळे चाचे एकीकडे आणि उंदीर पर्यटक दुसरीकडे. कादंबरीत चाच्यांचा म्होरक्या लाँग जॉन सिल्व्हरजवळ पोपट असतो, इथे शेवंड! बेटावर अडकलेला, चीजसाठी आसुसलेला बेन गन इथे बेंजामिना झालाय. अर्थात मिस पिगी, रानडुकरांची राणी. कप्तानाने तिला ऐन लग्नात टांग दिलेली, तेव्हा भेट कशी झाली असेल बघा.

एवढ्या धिंगाण्यात सिल्व्हर मात्र अस्सल. टिम करी गोड बोलून गळा कापणारा तो लबाड असा रंगवतो की बाहुल्यांनाही भाव खाऊ देत नाही. स्टीव्हन्सनला हे पात्र सुचलं ते एक पाय गमावलेल्या कवीमित्रावरून, विल्यम हेन्लीवरून. आणि कादंबरी सुचली नकाशावरून! १८८१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी, पावसाने घरात कोंडलेल्या दिवसांत, सावत्र मुलगा लॉइडच्या संगतीत बेटाचा नकाशा तयार झाला. गोष्ट मागून आली.

पार्श्वसंगीत ‘लायन किंग’साठी ऑस्कर मिळवलेल्या हान्स झिमरचं, गाणी बॅरी मान आणि सिंथिया वाइल या जोडीची. वारा पडतो, जहाज थांबतं आणि कंटाळलेले खलाशी वेडे होऊन नाचतात, ते गाणं चुकवू नका. बिली कॉनॉली यांचा चाचा बिली बोन्स सुरुवातीलाच मरतो. मपेटच्या सिनेमात पडद्यावर प्राण सोडण्याचा मान सगळ्यांनाच मिळत नाही.

खरी लढाई झाली ती कोर्टात. रानडुकरांच्या म्होरक्याचं नाव ‘स्पाम’. डबाबंद डुकराचं मांस ‘स्पॅम’ नावाने विकणारी हॉर्मेल कंपनी भडकली आणि १९९५ मध्ये दावा ठोकून बसली. हरली. अपील केलं, तिथेही हरली. वर अपील कोर्टाने चिमटा काढलाच: अस्सल डुकराशी नाव जोडलं गेल्याचा खरं तर या कंपनीला आनंद व्हायला हवा होता.