देहदंडाच्या कैद्याचे मूत्रपिंड

समजा, तुमच्या भावाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. नवे मूत्रपिंड मिळते आहे. पण ते देहदंड झालेल्या कैद्याचे. तुम्ही घ्याल का?

चीनमध्ये १९८४ च्या नियमाने अशी मुभा होती. कैद्याची वा नातलगांची संमती असली, किंवा प्रेत बेवारस असले, की अवयव काढता येत.

कैदी मरणारच होता, मग बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. पण कोठडीतल्या माणसाचा होकार मोकळ्या मनाचा कसा मानावा? शिवाय काढलेले मूत्रपिंड थंड ठेवूनही साधारण दिवसभरच चांगले टिकते. म्हणजे रोग्याच्या सोयीने मृत्यूची वेळ ठरण्याचा धोका!

१ जानेवारी २०१५ पासून ही प्रथा बंद केल्याचे चीनने जाहीर केले. तरी पहिला प्रश्न उरतोच. मित्रांनो, तुमचे उत्तर काय?