माळावरचं अंतर

सोमेश्वरनगरच्या चहूबाजूंनी ऊस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचं पाणी खेळलं, पुढे कारखाना उभा राहिला आणि बारामती तालुक्याचे दोन तुकडे पडले, बागायत आणि जिरायत. मोरगाव-सुप्याच्या वाटेला लागलं की ऊस मागे पडतो आणि कुसळीचा माळ लागतो. चिंकारा या माळाचा. आपण त्याला सरसकट हरीण म्हणतो, पण तो कुरंग आहे. त्याची शिंगं गळत नाहीत आणि मादीलाही ती असतात. खांद्यापाशी उंची दोन फुटांच्या आसपास, वजन वीस-पंचवीस किलो.

एवढ्या लहान जिवाने शिकाऱ्याला दमवलं ते अंतराच्या जोरावर. ठासणीची बंदूक असो की बारा बोअर, तिची मजल थोडी. उघड्या माळावर तेवढं जवळ जायचं तर वारा तोंडावर घेऊन पोटावर सरपटत जावं लागे. पेचदार नळीची रायफल आली आणि लांबून नेम धरण्याचा मोह सुरू झाला.

तो मोह हिशेबात मांडून बघण्यासारखा आहे. सेकंदाला आठशे मीटर वेगाने सुटलेली गोळी शंभर मीटरवर नळीच्या रेषेपासून सात-आठ सेंटिमीटर खाली येते. तीनशे मीटरवर जवळजवळ एक मीटर. आडवा वारा तिला वीतभर बाजूला सहज ढकलतो. तिथवर पोचायला तिला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, आणि चरत चरत पाऊल टाकणारं जनावर तेवढ्यात अर्धा मीटर पुढे सरकलेलं असतं. काळीज आणि फुप्फुसं पुढच्या पायामागे, तळहाताहून फार मोठी नसलेल्या जागेत. गोळी जरा मागे लागली की पोट फुटतं आणि ते जनावर मैलभर पळून कुठल्या तरी ओढ्यात तासन् तास तडफडतं. जुन्या शिकाऱ्यांच्या रिवाजात मला एकच गोष्ट आदराची वाटते: जखमी जनावर मागे सोडण्याची त्यांना लाज वाटे. खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही. लांब पल्ल्याच्या नेमाने नेमकी ही खात्रीच हिरावून घेतली.

कायदा हळूहळू आला. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यात परवाने होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फास आवळला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. आज चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारल्यास किमान तीन, कमाल सात वर्षं कैद. १९९७ मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झालं, अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. नाव मोरगावच्या गणपतीचं.

नेमबाजी मात्र या मातीतून गेली नाही, तिने फक्त लक्ष्य बदललं. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांनी पुण्याला बालेवाडीचं क्रीडासंकुल दिलं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी १ ऑगस्ट २०२४ ला पन्नास मीटर रायफलमध्ये ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. श्वास रोखणं, वारा वाचणं, चाप हळुवार दाबणं, सगळं शिकाऱ्याचंच. फक्त समोर कागद.

माळावर आता कॅमेरे येतात. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या गवताळ पट्ट्यात लोक चिंकारा आणि लांडगा बघायला जातात. शिकारीची भीती ओसरली तरी भटकी कुत्री आहेत, वेगाने जाणारी वाहनं आहेत, आणि गवताला पडीक समजून त्यावर झाडं लावण्याचा हट्ट आहे. या शेवटच्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण ती चांगल्या हेतूने होते. माळ आखडला की चिंकाऱ्याचं अंतरही आखडतं.

गाडी थांबली की तो मान वर करतो. काळी शेपटी सतत हलत असते. पुढचा खूर जमिनीवर आपटतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो, थोडं पळून पुन्हा थांबतो आणि वळून आपल्याकडे बघतो. पूर्वी नेमक्या याच क्षणी गोळी सुटत असे.