कातळाला पापुद्रे का सुटतात?

सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झाला, म्हणून त्याच्या कड्यांच्या पायऱ्या आडव्या दिसतात. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात चित्र वेगळे आहे. हाफ डोम या घुमटाकार डोंगराच्या माथ्यावरचे पदर त्याच्या वळणाबरोबर वळतात. हा ग्रॅनाइट कुळातला दगड तर थराथरांनी घडलेलाच नाही. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखाली काही किलोमीटरवर एकसंध गोठला. मग हे पदर आले कुठून?

१९०४ साली भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी या घुमटांवर लिहिले, आणि पुढे एक उत्तर पाठ्यपुस्तकांत रुजले: वरचा खडक झिजून गेला, भार उतरला, खालचा दगड फुगून तडकला. हे उत्तर अपुरे आहे. भार उतरल्याने दाब कमी होतो, पण दगड फाटायला तो बाहेर ओढला जावा लागतो. ही ओढ कोण लावते?

हवाई विद्यापीठाच्या स्टीफन मार्टेल यांचे उत्तर मला सर्वांत पटते. पोस्टकार्ड किंचित वाकवून दोन्ही कडांनी दाबा; मधला भाग बाहेर उचलला जातो. भूकवचातला आडवा दाबही फुगीर कातळाच्या वरच्या पदराला असाच बाहेर रेटतो. हा रेटा पदराच्या वजनावर मात करतो, तेव्हा पृष्ठभागाला समांतर भेग पडते. दाब मोठा हवा आणि पृष्ठभाग बहिर्वक्र हवा, दोन्ही जमले तरच हे घडते. पृष्ठभागाजवळचे पदर पातळ असतात, खोल जावे तसे ते जाड होत जातात.

उरलेले काम ऊन करते. ब्रायन कॉलिन्स आणि ग्रेग स्टॉक यांनी योसेमिटीतल्या १९ मीटर उंच, जेमतेम १० सेंटीमीटर जाडीच्या पापुद्र्यावर साडेतीन वर्षे उपकरणे लावून ठेवली. तो दिवसा तापून कड्यापासून दूर सरके, रात्री परत येई; एका दिवसातली ही हालचाल सेंटीमीटरपर्यंत जाई. शिवाय दर उन्हाळ्यात भेग थोडी अधिक रुंदावे. म्हणूनच पाऊस नाही, भूकंप नाही, अशा कडक उन्हाच्या दुपारीही दरड कोसळू शकते. ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच ट्वेन हार्ट इथला घुमट लोकांच्या डोळ्यांदेखत तडकला.

आपल्याकडे उष्णतेची ही किमया दगडफोड्यांना ठाऊक होती. दक्षिण भारतात कातळावर विस्तव पेटवून तो हळूहळू पुढे सरकवत, आणि सुरुंगाशिवाय मोठाल्या फरशा सोडवत.

बंगळूरजवळच्या सावनदुर्गावर गेलात तर असे पदर जरूर पाहा. मात्र ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या पापुद्र्याखाली भर उन्हात विसावा घेऊ नका.