वस्तीतले कबड्डीचे मैदान : निगा बारा महिन्यांची

कबड्डीला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, जाळे लागत नाही. लागते ती माती. म्हणूनच हा खेळ गिरणगावच्या चाळींत, रेल्वेच्या वसाहतींत आणि गावोगावच्या आपल्या वस्त्यांत रुजला. ज्याच्या खिशात काही नाही त्यालाही तो खेळता आला. पण 'लागते ती माती' असे म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. माती पडून असली म्हणजे मैदान होत नाही. स्पर्धा आठ दिवसांवर आली की मंडळाची पोरे टिकाव-फावडी शोधू लागतात, रात्रभर जागून जमीन उकरतात, फक्की मारतात आणि सामने उरकले की मैदान पुन्हा वाऱ्यावर सोडतात. मग वर्षभर त्याच टणक जमिनीवर लहान मुले सराव करतात आणि त्याचा दंड त्यांची ढोपरे-कोपरे भरतात.

हल्लीचे मोठे सामने मॅटवर होतात. २०१४ साली सुरू झालेली प्रो कबड्डी तर घराघरांतल्या टीव्हीवर पोचली. मॅट चांगलीच, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ती विकत घेणे आणि ठेवायला बंद जागा मिळणे आपल्या वस्तीच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा आपल्या मुलामुलींची पहिली चढाई मातीवरच होणार, हे धरून चालू.

आधी मापाचे बोलू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचे १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव क्षेत्रे यातच आली. मध्यरेषेपासून निदान रेषा पुरुषांना ३.७५ मीटरवर, महिलांना ३ मीटरवर. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चौकोन काटकोनात बसला की नाही हे नजरेने ठरवू नये. दोन समोरासमोरचे कोपरे टेपने मोजावेत. पुरुषांच्या मैदानात हे अंतर १६.४० मीटर आणि महिलांच्या मैदानात १४.४२ मीटर भरले पाहिजे. दोन्ही कर्ण सारखे आले तरच मैदान सरळ. कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून ठेवायचा मोह होतो. तसे करू नये, पाय अडकतो. कोपऱ्यात वीतभर खोल विटेचा तुकडा पुरावा. दरवर्षी माती उकरून तो सापडला की माप पुन्हा घ्यावे लागत नाही.

जागा अपुरी असेल तर मैदान लहान आखा, पण चहूबाजूंची मोकळी जागा खाऊ नका. पकडीत चार-पाच जण एकदम रेषेबाहेर फेकले जातात. तिथे गटाराचा कठडा किंवा नळाचा कोंडाळा असेल तर डोके फुटायला वेळ लागत नाही.

आता माती. आमच्यासारख्या कारकुनाला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून तोही मांडतो. १३ गुणिले १० म्हणजे १३० चौरस मीटर. त्यावर १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा फूट थर द्यायचा तर साडेएकोणीस घनमीटर माती लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. सात ब्रासला थोडी कमी. हा खर्च एकदाच. पुढे दरवर्षी इंचभर थर वाढवायला सव्वा ब्रास पुरते. जी मंडळे वर्षाआड अख्खे मैदान नव्याने भरतात त्यांनी हा आकडा नीट पाहावा.

कोकणातली तांबडी माती चाळून घेतली की चालते. मराठवाडा-विदर्भाकडची काळी माती एकटी वापरू नये. ती पावसात फुगते, पायाला गोळेच्या गोळे चिकटतात आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात बारीक चाळलेला मुरूम आणि पोयटा मिसळावा लागतो. माती कुठलीही असो, गवंड्याच्या बारीक चाळणीतून काढल्याशिवाय टाकू नये. वखारीतला लाकडाचा भुसा मिसळला तर जमीन मऊ राहते, पण तोही चाळावा, कारण त्यात फाटी असतात.

शेणखत घालण्याची जुनी रीत आहे. ती आम्हाला पसंत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि शेणातही असतात, आणि कबड्डीत खरचटणे रोजचेच. भुशाने काम भागत असताना ही जोखीम कशाला? शेणखत टाळले तरी मातीतला धोका राहतोच, म्हणून लस महत्त्वाची. सरकारी दवाखान्यात वयाच्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टी.डी.ची लस मोफत देतात. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती टोचली आहे का, हे मंडळाने विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. जखम झाली तर त्यावर माती चोळायची नाही. साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची. जखम खोल असेल किंवा गंजका खिळा लागला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

खरी परीक्षा पावसाळ्याची. मैदाने हातची जातात ती याच चार महिन्यांत. खेळ बंद, चिखल झालेला, कोणी फिरकत नाही. मग एक जण घर बांधायला काढलेली खडी टाकतो, दुसरा रिक्षा लावतो, तिसऱ्या घरचा केरकचरा पडतो. ऑक्टोबरपर्यंत सर्वांना वाटू लागते की ही जागा मोकळीच होती. म्हणून पाऊस यायच्या आत मैदान कासवाच्या पाठीसारखे करून घ्यावे. मध्ये पाच सेंटिमीटर उंच आणि दोन्ही बाजूंना उतरते ठेवले तर खेळताना जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही. कडेने वीतभर रुंद चर काढावा. तो दर रविवारी साफ करावा लागतो, कारण एक प्लास्टिकची पिशवी सगळे पाणी अडवते. संपूर्ण मैदानावर ताडपत्री घालून चार महिने झाकून ठेवू नये, खाली शेवाळ आणि कुबट वास धरतो. झाकायची ती चाळून ठेवलेली जादा माती. ती गोण्यांत भरून आडोशाला ठेवावी. आणि मैदान ओले गच्च असताना त्यावरून कोणालाही जाऊ देऊ नये. पावलांचे खड्डे वाळले की दगडासारखे होतात, त्यात घोटा मुरगळतो.

उगवलेले गवत कापू नये, मुळासकट उपटावे. कापले की बुडखे राहतात आणि ते तळव्याला टोचतात. गाजरगवत फुलावर यायच्या आधी काढले तर पुढच्या वर्षीचा त्रास कमी. मात्र ते उघड्या हाताने उपटू नये, खाज सुटते.

पाऊस सरला की घाई नको. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो येऊ द्यावा. मूठभर माती दाबावी. लाडू व्हावा आणि अंगठ्याने दाबताच फुटावा, तेव्हा टिकाव घ्यावा. अर्धा फूट उकरायचे, ढेकळे फोडायची, दाताळ्याने ओढायचे, खडे-काचा वेचायच्या, मग हलके पाणी देऊन धुम्मस किंवा रोलर फिरवायचा. रोलर नसेल तर सिमेंट भरलेला जाड पाइप दोघांनी ओढला तरी चालतो. फार ठोकू नये. रस्ता करायचा नाही.

थंडी-उन्हाळ्यात धूळ उडते. खेळाच्या दोन तास आधी झारीने शिंपण करावे, बादल्या ओतू नयेत. फक्कीऐवजी कळीचा चुना वापरणारे अजून भेटतात. चुना डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो. तसे झालेच तर भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरकडे न्यावे.

इथे एक गोष्ट बोलावीशी वाटते. बऱ्याच वस्त्यांत मैदान झाडायला आणि पाणी मारायला मुली, आणि खेळायला मुलगे, अशी वाटणी दिसते. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ होत्या. अशा मुली आपल्याही वस्तीत असतील, पण त्यांना मैदान मिळते किती वाजता? अंधार पडल्यावर मैदान रिकामे झाले तरी मुलीने थांबावे असे कोणत्या आईला वाटेल? म्हणून संध्याकाळी उजेडातला एक तास मुलींचा ठरवावा आणि झाडलोटीची पाळी मुलामुलींत सारखी लावावी. मुलींच्या रेषा मुलग्यांच्या रेषांत मिसळू नयेत म्हणून त्या गेरूने आखाव्यात.

एप्रिलमध्ये जयंतीचा मंडप बहुधा याच जागेवर पडतो. पडावाच, दुसरी जागा आहे कुठे? पण मंडपवाला बांबूसाठी फूट-फूट खोल खड्डे घेतो आणि १५ तारखेला बांबू उपसून निघून जातो. वर भुसभुशीत माती सरकून खड्डा दिसेनासा होतो आणि महिन्याने एखाद्याचा पाय त्यात जातो. मंडपवाल्याला आधीच सांगावे की बांबू वाळूने भरलेल्या डब्यांत उभे कर. ते जमत नसेल तर प्रत्येक खड्ड्याची जागा कागदावर टिपून घ्यावी आणि दुसऱ्याच दिवशी थराथराने ठोकून भरावी. खिळे आणि तारांचे तुकडे डोळ्यांना सापडत नाहीत. जुन्या लाउडस्पीकरचे लोहचुंबक दोरीला बांधून मैदानभर ओढले तर डबाभर लोखंड निघते. हे काम पोरे हौसेने करतात.

कागदाकडेही लक्ष हवे. शहरातल्या वस्तीने आपली जागा विकास आराखड्यात खेळाचे मैदान म्हणून दाखवली आहे का, हे एकदा पाहून घ्यावे. हे आराखडे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होतात. कोणी टाळाटाळ केली तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून प्रत मागता येते. ती प्रत आणि मैदानाची वही एकाच फाइलमध्ये ठेवावी. वहीत तारीख, कोणी पाणी मारले, किती मुले-मुली खेळली, माती कधी आली आणि पावती कुठली, एवढे लिहिले तरी पुरे. जागा पडीक आहे असे कोणी म्हणालाच तर दाखवायला काहीतरी हाती असते.

सव्वा ब्रास मातीची सोय मे महिन्यातच करावी. तेव्हा गल्ली कोरडी असते आणि गाडी मैदानापर्यंत येते. मृग लागल्यावर तीच माती रस्त्यावर उतरवावी लागते आणि घमेल्याघमेल्याने आत न्यावी लागते.