स्वयंसेवी संस्थांचा व्यवस्थापक : तळमळ हवी, हिशोबही हवा

स्वयंसेवी संस्थेचा व्यवस्थापक म्हटले की खादीचा झब्बा आणि खांद्यावरील शबनम पिशवी डोळ्यांसमोर येते. हे चित्र आता अपुरे ठरले आहे.

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ दिनांक १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. त्यानुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. संस्थांना निधीचा नवा स्रोत लाभला. मात्र कंपनीची नजर मार्चअखेरीवर असते आणि पाणलोटाचे किंवा कुपोषणाचे काम वर्षभरात उरकत नाही. अशा वेळी बहुवार्षिक प्रकल्पाची मांडणी करून देणगीदाराचे मन वळविणे, हे व्यवस्थापकाचे पहिले कौशल्य होय.

परदेशी देणग्यांबाबतची जबाबदारी अधिक नाजूक आहे. परकीय योगदान नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई झाली, तसेच तो प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारणे बंधनकारक झाले. येथे कोणता खर्च कोणत्या सदरात पडतो, याची बारीक जाण लागते. शाळेतील शिक्षकाचे किंवा रुग्णालयातील डॉक्टरचे वेतन प्रशासकीय खर्चात मोडत नाही. हिशोब ठेवण्याचा खर्च मात्र मोडतो. म्हणजेच ज्याने चोख हिशोब ठेवायचा, त्याच्याच वेतनाला कात्री लागण्याची शक्यता अधिक. हा विरोधाभास विश्वस्तांसमोर स्पष्टपणे मांडण्याचे धैर्य व्यवस्थापकापाशी असले पाहिजे.

विश्वस्त बदलले तरी कागद हलवावा लागतो. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासाने अशा बदलाची माहिती ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे सादर करावयाची असते. ही बाब क्षुल्लक वाटते. पण विश्वस्तांत वाद उद्भवला की पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

गुजरातमधील आणंद येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी या क्षेत्राला उपयुक्त असे शिक्षण मिळते. तथापि, काही गुण प्रत्यक्ष कामातूनच येतात. स्वयंसेवकाला पगार नसतो, त्यामुळे त्याच्यावर हुकूम चालत नाही. त्याला विनवावे लागते, आणि वेळप्रसंगी नकोही म्हणावे लागते. देणगीदाराच्या हौसेपोटी संस्थेच्या उद्दिष्टाबाहेरचा प्रकल्प पुढे आला, तर तेथेही नकार द्यावा लागतो. पुढील महिन्याच्या वेतनाची तजवीज झालेली नसताना तो देणे सर्वांत कठीण असते.